गाळलेल्यांची बॅच

नाहीद शेख माझ्या शाळेत आली तेव्हा पावसाने निथळत होती आणि रेनकोटच्या आत छातीशी प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली होती. आरमोरीपासून आमचा टोला, म्हणजे वस्ती, नऊ किलोमीटर. मधल्या नाल्यावर पाणी चढलं होतं. ती स्कुटी ढकलत आली होती.

"मुख्याध्यापक कोण जी इथी?"

"मीच. संघप्रिया. बसा ना."

"बसाले टाइम नाई, बाई. नवोदयच्या कागदांवर तुमची सही न् शिक्का पायजे. चार पोरांच्या. परवा शेवटची तारीख आहे."

मी गोंधळले. पाचवीतली ती चारही मुलं जूनपासून दर शनिवार-रविवारी आरमोरीला ठवकर सरांच्या क्लासला जात होती. फॉर्म सरच भरणार, असं त्यांच्या घरी सांगितलं होतं. मी तसं म्हणाले.

"तो भरून नाई राह्यला," असं म्हणत तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला.

एकोणीस मुलांची नावं होती. त्यांतल्या अकरा नावांपुढे लाल पेनाने फुली, आणि खाली त्याच पेनाने लिहिलं होतं, 'यांचे भरू नये. आधार जुळत नाही असे सांगावे.' अक्षर लोकेश ठवकरांचं. अकरांपैकी नऊ मुलं जंगलाकडच्या गावांतली होती, त्यात माझी चार. सुकरी, धनराज आणि आणखी दोघं.

मी सह्या केल्या, शिक्के मारले. ती गेली. खरं सांगायचं तर मला नवल वाटलं नव्हतं. दर वर्षी आमच्या टोल्यातल्या एकदोन मुलांचा 'आधार जुळत नाही' असं मी ऐकत आले होते. कधी विचारायला गेले नाही. ठवकर तालुक्यातले मोठे सर, त्यांच्याशी वाकडं कोण घेणार, असा माझा हिशेब होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नवोदयची परीक्षा पाचवीत असताना द्यायची. ऐंशी प्रश्न, दोन तास. अख्ख्या जिल्ह्यातून ऐंशी मुलं घेतात. नंबर लागला की बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं सरकार बघतं. आमच्याकडच्या पोरांना जंगलाबाहेर काढणारा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही. पण ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. त्या वर्षी हुकली ती हुकली.

ठवकरांच्या क्लासवर भला मोठा बोर्ड होता. 'बसले आठ, लागले आठ. निकाल शंभर टक्के.' हे शंभर टक्के साधायची रीत सोपी होती. जून-जुलैत येईल त्याला घ्यायचं, सप्टेंबरच्या सुरुवातीला एक चाचणी लावायची आणि डळमळीत वाटलेल्यांचे फॉर्म भरायचेच नाहीत. मग आईबापांना आधारचं कारण. तपासायला कोण जाणार? ज्यांच्या घरी तपासू शकणारं कोणी असेल, त्यांचा फॉर्म भरला जाई. आठातला एखादा राहिलाच तर बोर्डावर 'बसले सात' लिहिलं जाई.

नाहीदला ही रीत लहानपणापासून माहीत होती. तिच्यावरच ती वापरली गेली होती.

तिचे वडील फारूकभाई आरमोरीच्या बाजारात कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. ठवकर तेव्हा तरुण मास्तर होते, घरच्या पडवीत दहा-बारा मुलं घेऊन बसायचे. नाहीद त्यांच्यातली एक. तिने फॉर्म भरला, फोटो चिकटवला, वडिलांनी उर्दूत सही केली. फॉर्म सरांकडे दिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना प्रवेशपत्रं मिळाली, तिला नाही. "पोस्टात गहाळ झाला असेल," असं सर म्हणाले.

दोनेक महिन्यांनी ठवकरांच्या घरचा कुकर दुरुस्तीला आला. तो परत द्यायला फारूकभाई गेले, सोबत नाहीद. ठवकरांच्या बायकोने त्यांना सरळ स्वयंपाकघरात बोलावलं, कारण कुकर लावून बघायचा होता. फारूकभाई रिंग बसवत असताना नाहीदची नजर फळीवर गेली. लोणच्याच्या बरण्यांखाली कागद अंथरले होते. एका कागदाच्या कोपऱ्यातून तिचा स्वतःचा फोटो बाहेर डोकावत होता.

"अब्बा, माहा फॉर्म."

फारूकभाईंनी पाहिलं. ठवकर दारात उभे होते. त्यांनी लपवाछपवी केली नाही, उलट समजावलं. "नाराज नको होऊ पोरी. तुहा नंबर लागला नसता. तू रडली असती, माहं नाव खराब झालं असतं. दोघांचं बरंच केलं मी."

फारूकभाई म्हणाले, "चल बेटा." बस, एवढंच. त्या एवढ्याशा बोलण्याचा नाहीदला ठवकरांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला होता, असं तिने मला सांगितलं.

पुढे ती शिकली. बी.एस्सी. केलं, डी.एड. केलं, शिक्षक पात्रता परीक्षा पास झाली. भरती निघेना. लग्न झालं, नवरा ताबिश याचं आरमोरीतच झेरॉक्सचं दुकान. ती दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. एके दिवशी ठवकरांच्या क्लासचा माणूस काही कागदांच्या प्रती काढून घेऊन गेला आणि मूळ यादी मशीनच्या झाकणाखाली विसरला. ताबिशने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी झाकण उचललं तेव्हा ती दिसली.

"त्याचा कागद राह्यला," ताबिश म्हणाला. "फोन करतो त्याले."

"नको करू," नाहीद म्हणाली.

तीन दिवस होते. यादीतल्या गावांच्या नावांवरून तिने एकेक घर शोधलं. अकरांपैकी आठ जणांचे फॉर्म तिने भरले. एक बाप ऐकेना, 'सरांनी नाई म्हटलं म्हणजे नाई' म्हणाला. एका पोराचे मुख्याध्यापक रजेवर होते. आणि बिरजू नावाच्या मुलाच्या गावाकडचा रस्ता पुराने बंद होता. दोनदा ती पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन परत आली.

आठवड्याने ती पुन्हा माझ्या शाळेत आली. या वेळी बसली.

"बाई, फॉर्म भरून काही होत नसते. शिकवा लागते. तुमचा व्हरांडा द्या मले, चार ते सहा."

मी दिला. मला माझीही काही भरपाई करायची होती, पण ते मी तिला बोलून दाखवलं नाही.

आठ मुलं. चार आमची, दोन शेजारच्या गावची सायकलने येणारी, दोघांना ती स्वतः स्कुटीवर बसवून आणायची. त्यांतली एक रीना, तिचा बाप घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर होता. पहिल्या दिवशी नाहीदने एक काम केलं, आणि तेव्हाच मी तिला थांबवायला हवं होतं. तिने ती यादी भिंतीवर चिकटवली.

"वाचा आपापलं नाव. ही लाल फुली ठवकर सरांनी मारली. म्हणजे काय? म्हणजे तुम्ही कामाचे नाई. हे रोज वाचाचं न् मग बसाचं."

धनराजने खाली मान घातली ती वर केलीच नाही. सुकरी मात्र भिंतीजवळ गेली, फुलीवर बोट ठेवून बघितलं आणि जागेवर येऊन बसली.

सुकरी लच्छूची मुलगी. घरात गोंडी बोलायचे, मराठी ती शाळेत शिकलेली. उतारा वाचायला तिला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा, आणि म्हणूनच ठवकरांच्या चाचणीत ती मागे पडली होती. पण नवोदयच्या पेपरात अर्धे प्रश्न निव्वळ आकृत्यांचे असतात. वेगळी आकृती ओळखा, आरशातली ओळखा, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल ते सांगा. या शेवटच्या प्रश्नाला शहरातली मुलंही गडबडतात. नाहीदने एका संध्याकाळी पळसाची पानं आणली, घडी घातली, काडीने भोकं पाडली आणि पान उघडायच्या आत विचारलं, "किती भोकं, कुठी कुठी?"

सुकरीने लगेच उत्तर दिलं. दुसऱ्याला, तिसऱ्याला, तिहेरी घडीलाही. ती लहानपणापासून आईबरोबर पत्रावळी लावत आली होती. पान दुमडल्यावर काडी कुठून निघते हे तिला न बघता कळायचं. त्या दिवशी नाहीदच्या चेहऱ्यावर जो आनंद पाहिला तो चांगल्या शिक्षिकेचाच होता. पण लगेच ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, सापडली. हिच्याच हातून ठवकरचं नाक कापते मी."

ती कडक होती. रविवारी पूर्ण पेपर, घड्याळ लावून. गोल रंगवताना बाहेर रेघ गेली की पुन्हा कोरी उत्तरपत्रिका, पुन्हा ऐंशी गोल. चुकलं की भिंतीकडे बोट. "म्हणजे सर खरे होते का? बोला!" मी एकदा म्हणाले, "लहान आहेत गं." ती म्हणाली, "मीही दहा वर्षांचीच होती."

ताबिश कधीकधी मुलांसाठी सरावाचे पेपर घेऊन यायचा. एकदा त्याने हे सगळं ऐकलं. मुलं गेल्यावर म्हणाला, "नाहीद, तू पोरांले शिकवून राह्यली का ठवकरले मारून राह्यली?"

"दोन्ही," ती म्हणाली. पेपर तपासतच.

डिसेंबरमध्ये धनराज यायचा बंद झाला. दोन दिवस, चार दिवस. शाळेतही येईना. मी घरी गेले. त्याची आई म्हणाली, "तो म्हणते, मी लाल आहो. लालवाले लागत नाई. जबरदस्ती नका करू जी, बाई, रात्री दचकून उठते तो."

मी नाहीदला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मुलं यायच्या आधी तिने यादी भिंतीवरून काढली, घडी करून पर्समध्ये ठेवली. धनराजच्या घरी ती तीनदा गेली. तो मागच्या दाराने निघून जायचा. जानेवारीत परीक्षा झाली, सात जण बसले. धनराजचं प्रवेशपत्र छापून आणलेलं होतं. ते तिच्याकडेच राहिलं.

निकाल मार्चअखेर लागला. सातांपैकी दोघी, सुकरी आणि रीना. बाकी पाचांचा लागला नाही, आणि ती मुलं रडली, हेही सांगायला हवं. ठवकरांच्या क्लासची सहा मुलं लागली होती.

चारच दिवसांत आरमोरीच्या चौकात बॅनर लागला. 'ठवकर क्लासेस. बसले आठ, लागले आठ.' आठ फोटो. सातवा रीनाचा, आठवा सुकरीचा. जूनमध्ये प्रवेश घेताना दिलेले तेच फोटो. दोघी क्लासच्या वहीत होत्या, म्हणजे त्याच्याच. आणि त्याची स्वतःची जी दोन मुलं हुकली, ती बसलेल्यांतून गायब.

ताबिश भडकला. "आताच जातो न् तो बॅनर उतरवतो."

"हात नको लावू," नाहीद म्हणाली. "राहू दे. त्याले कार्यक्रम करू दे. जेवढे लोक बोलवाचे तेवढे बोलवू दे."

रागाने ती कधी इतकी शांत झाली नव्हती.

सत्काराचा कार्यक्रम एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी मंगल कार्यालयात होता. दीड-दोनशे खुर्च्या. पुढच्या वर्षीचे पालक मुलांना घेऊन आले होते, कारण नवीन बॅचचे प्रवेश तिथेच होणार होते. नाहीद आणि ताबिश आयोजकांच्याही आधी पोचले. प्रत्येक खुर्चीवर त्यांनी एकेक कागद ठेवला. रंगीत प्रत. एकोणीस नावं, अकरा लाल फुल्या आणि खालची ती ओळ. फुली नसलेली आठ नावं तिने झाकली होती, कारण त्या मुलांचा यात काही संबंध नव्हता. फुलीवाल्यांच्या आईबापांना तिने आधी जाऊन विचारलं होतं. धनराजच्या आईने नको म्हटलं, म्हणून त्याचंही नाव झाकलं.

आयोजकांना वाटलं, कार्यक्रमपत्रिका असेल.

ठवकर बोलायला उभे राहिले. आता केस पांढरे, आवाज तसाच भरदार. "आपल्या मागास भागातल्या लेकराला हात धरून वर आणणं हेच माझं व्रत…" समोरचे लोक कागद वाचत होते. एकाने शेजारच्याला दाखवला. कुजबुज वाढली. ठवकरांना वाटलं, माईक नीट नाही. त्यांनी तो दोनदा ठोकला.

मग त्यांनी सुकरीच्या बापाला, लच्छूला मंचावर बोलावलं. शाल, नारळ, फोटोवाला तयार. लच्छूने शाल घेतली नाही. माईकजवळ उभं राहायची त्याला सवय नव्हती, तो ठवकरांशीच बोलला, पण माईकने ते सगळ्यांना ऐकवलं.

"गुरुजी, माह्या पोरीच्या नावापुढं ही लाल फुली कोणाची आहे?"

"कसली फुली?"

लच्छूने कागद पुढे केला. ठवकरांनी चष्मा लावला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी चौथ्या रांगेतून पाहिला.

"ही… ऑफिसची काही चूक असेल."

"अक्षर तुमचंच आहे जी. माह्या घरी वही आहे, तुम्ही तपासलेली. तुम्ही म्हणाले आधार जुळत नाई. मंग नाहीदबाईनं भरला तर कसा जुळला?"

तेवढ्यात मागून बिरजूची आई उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता. "माह्या पोराचा कोणीच नाई भरला! नाल्यात पाणी होतं न् घरी कोणी आलं नाई. आता तो पुढच्या वर्षी बसू शकते का? सांगा ना सर, बसू शकते का?"

नवीन प्रवेशाला आलेला एक बाप मुलाचा हात धरून उठला. मग दुसरा. देवराव नावाचे एक जुने शिक्षक मंचावर पाहुणे होते, ते खाली उतरून निघून गेले. ठवकर अजून समजावत होते. "अहो, कच्च्या पोराला बसवून रडवायचं का? नापास होण्यापेक्षा न बसलेलं बरं…" अर्धं कार्यालय रिकामं झालं होतं.

तेव्हा नाहीद पुढे गेली. मंचावर चढली नाही, खालीच उभी राहिली.

"मले ओळखलं का, सर?"

ठवकरांनी पाहिलं. "झेरॉक्सवाली ना तू?"

"त्याच्या आधीची. फारूकभाईची पोरगी. कुकर दुरुस्त करायचे ते."

ठवकरांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. मी बघत होते, ते नाटक नव्हतं. "कोण फारूक?" ते म्हणाले. "नाही बुवा. आठवत नाही."

नाहीदने काहीतरी बोलायचं ठरवून आणलं असावं, चोवीस वर्षं ठरवलेलं. ते ती बोलली नाही. वळली आणि बाहेर आली. उन्हात स्कुटीला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं.

"बाई, त्याले माहीतच नाई," ती म्हणाली. "इतके वर्षं मी त्याच्याशी भांडून राह्यली न् त्याले माहीतच नाई." मग घोट घेऊन म्हणाली, "तरी बरं वाटलं. लय बरं वाटलं. खोटं काऊन बोलू?"

जूनमध्ये ठवकरांकडे चार मुलं आली. दिवाळीआधी क्लास बंद झाला आणि ते मुलीकडे वरोऱ्याला राहायला गेले. त्यांची तब्येत बरी नसते असं कोणी सांगितलं. मी ते नाहीदला सांगितलं तेव्हा ती उत्तरपत्रिका मोजत होती. तिने मोजणं थांबवलं नाही.

आता तिच्याकडे अडतीस मुलं आहेत, माझा व्हरांडा पुरत नाही म्हणून वर्गही उघडून दिला आहे. चाचणी ती घेते, पण फॉर्म सगळ्यांचे भरते, ज्याला पाढे येत नाहीत त्याचाही. गेल्या आठवड्यात एका पालकाने सुचवलं की दारावर सुकरी-रीनाचे फोटो लावा, नाव होईल. नाहीदने त्याला असं काही सुनावलं की तो पुन्हा तोंड दाखवायला आला नाही.

शनिवारी ती धनराजच्या घरी जाते. तो आता सहावीत आहे. आठवीत शिष्यवृत्तीची परीक्षा असते, त्याची तयारी करून घेईन म्हणते. पहिले काही शनिवार तो मागच्या दाराने पळायचा. मग पळणं सोडलं, पण बोलायचा नाही, अंगणात कुंपणाच्या काड्या तासत बसायचा आणि ती त्याच्या आईशी बोलून परत यायची.

मागच्या शनिवारी मी सोबत होते. तिने त्याच्यासमोर उकिडवं बसून सांगितलं, "धनराज, ती यादी भिंतीवर लावली ते माहं चुकलं. तुहं काही चुकलं नव्हतं."

त्याने विळा खाली ठेवला.

"तुमाले तेव्हाच माहीत होतं का?" त्याने विचारलं.

"हो," नाहीद म्हणाली. "थोडंसं माहीत होतं."

धनराज उठून घरात गेला. आम्ही वाट पाहिली. तो बाहेर आला नाही. पुढच्या शनिवारी ती पुन्हा जाणार आहे.